जुनी टपाल तिकिटं: पत्रावर लावायची की विकायची?

पुण्यातल्या पेठेतला वाडा पुनर्विकासाला जातो, माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि बिस्किटांच्या डब्यात, जुन्या डायरीत, क्वचित रीतसर अल्बममध्ये पोस्टाची तिकिटं निघतात. घरात लगेच दोन तट पडतात. एकाला वाटतं लाखो रुपये आले, दुसरा म्हणतो रद्दीत टाका. बहुतेक वेळा दोघंही चुकतात. १९६० नंतरची भारतीय तिकिटं लाखांच्या संख्येने छापली गेली आहेत. त्यातली न वापरलेली, पुरेशा किमतीची तिकिटं सरळ आपल्या पत्रांवर लावणं हा विकण्यापेक्षा चांगला सौदा ठरतो. व्यापारी दर्शनी किमतीपेक्षा कमीच देतो, पोस्ट मात्र त्या तिकिटाचा पूर्ण पैसा मोजतं. पण डब्यात १९५० च्या आधीचं काही असेल, किंवा तिकिटासकट जुनी पाकिटं असतील, तर घाई महागात पडते. म्हणजे खरं काम निवडण्याचं आहे, आणि ते एका रविवारच्या दुपारी होण्यासारखं आहे.

आधी हात आवरा

पहिल्या दिवशी काहीही सोडवायचं, कापायचं किंवा धुवायचं नाही. ट्रंकेत पन्नास वर्षं धड राहिलेली तिकिटं सापडल्यावरच्या तासाभरात खराब होतात. कोणी पाकिटावरचं तिकीट कापून काढतं, कोणी अल्बमला चिकटलेलं नखाने उचकटतं, कोणी खोडरबराने डाग पुसतं, कोणी फाटक्या कडेला सेलोटेप लावतं. सगळ्यात वाईट म्हणजे टिकावीत म्हणून लॅमिनेट करून आणणं. लॅमिनेट केलेलं तिकीट संग्राहक घेत नाही आणि पत्रावरही लावता येत नाही. दोन्ही दारं बंद.

सामान थोडंच लागतं. चपट्या, गुळगुळीत टोकाचा चिमटा घ्या. भुवया कोरायचा टोकदार चिमटा तिकिटाला भोक पाडतो. दहा पटीचं भिंग, छिद्रांचे दात मोजायची पट्टी म्हणजे परफोरेशन गेज, ग्लासिन म्हणजे गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाची छोटी पाकिटं आणि वजन करायला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. कागदी सामानासाठी अप्पा बळवंत चौकात चक्कर मारा. तिथे ग्लासिन मिळालं नाही तर ते आणि गेज तिकिटांच्या व्यापाऱ्याकडे मिळतं. खोट्याचा संशय घ्यायला छोटी यूव्ही टॉर्च उपयोगी पडते, ती विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत शोधा. बसायच्या आधी हात धुऊन कोरडे करा आणि पंखा बंद करा. पंख्याचं सांगावं लागतं, कारण ते हमखास विसरलं जातं.

ढीग लावणं

स्वच्छ चादरीवर किंवा मोठ्या टेबलावर ढीग करायला घ्या. पहिला ढीग पाकिटांचा: पोस्टकार्डं, अंतर्देशीय पत्रं, शिक्का बसलेली पाकिटं, फर्स्ट डे कव्हरं म्हणजे तिकीट निघालं त्या दिवशीचा शिक्का असलेली पाकिटं. यातलं एकही तिकीट सुटं करू नका. दुसरा ढीग कोऱ्या म्हणजे मिंट तिकिटांचा, ज्यांवर शिक्का नाही आणि मागे डिंक आहे. पूर्ण शीट किंवा चार जोडलेल्या तिकिटांचा ब्लॉक असेल तर तो फाडायचा नाही. शीटच्या समासात छपाईच्या रंगांचे गोल ठिपके असतात, त्यांना संग्राहक ट्रॅफिक लाइट म्हणतात आणि ते ठिपके असलेला कोपऱ्याचा ब्लॉक वेगळा मागतात. तिसरा ढीग शिक्का बसलेल्या सुट्या तिकिटांचा. चौथा परदेशी तिकिटांचा.

पाचवा ढीग टपालाशी संबंध नसलेल्यांचा: रेव्हेन्यू तिकिटं, कोर्ट फी, स्टॅम्प पेपरचे तुकडे. रेव्हेन्यू तिकीट पत्रावर चालत नाही, ते पाच हजारांवरच्या पावतीसाठी. उलट जुन्या राजांच्या तिकिटांवर पोस्टेज अँड रेव्हेन्यू असे दोन्ही शब्द छापलेले दिसतात; तशी तिकिटं पत्रावरही लागत आणि पावतीवरही. शाईने आडवी सही मारलेलं असं तिकीट बहुधा पावतीवरून आलेलं असतं आणि टपालाचा गोल शिक्का असलेल्यापेक्षा त्याला भाव कमी येतो.

चौथ्या ढिगाबद्दल फार आशा धरू नका. १९६०-७० च्या दशकांत शाळकरी मुलांच्या अल्बममध्ये अजमान, फुजैरा, उम्म अल कैवैन अशा आखाती अमिरातींची मोठी, रंगीत, फुलपाखरं आणि अंतराळवीर असलेली तिकिटं भरपूर असत. बरीचशी पत्रासाठी नव्हे, संग्राहकांसाठीच छापलेली. कोपऱ्यात शिक्क्याचा सुबक पाव भाग आणि मागे जसाच्या तसा डिंक दिसला तर तिकीट पत्रावर कधी लागलंच नव्हतं. ती पुतण्या-भाच्यांना द्या, त्यांना आवडतात. तिकिटावरचं हेल्व्हेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, मग्यार पोस्टा म्हणजे हंगेरी, सुओमी म्हणजे फिनलंड, नोर्गे म्हणजे नॉर्वे, एवढं माहीत असलं तरी निम्मा ढीग ओळखता येतो.

साल कसं ओळखायचं

भारतीय तिकिटांचं साल ठरवायला चलनाइतकी चांगली खूण दुसरी नाही. आणे आणि पै छापलेलं असेल तर ते १९५७ च्या आधीचं. १ एप्रिल १९५७ ला दशमान चलन आलं आणि तिकिटांवर नये पैसे दिसू लागले. १९६४ नंतर नये हा शब्द गेला आणि नुसते पैसे राहिले. राजा-राणीचं चित्र असेल तर स्वातंत्र्यापूर्वीचं, हे ठीकच. व्हिक्टोरिया राणीच्या १८५४ च्या पहिल्या अखिल भारतीय तिकिटांना दातच नव्हते, ती कात्रीने कापून वेगळी करत. म्हणून त्यांच्या चारही बाजूंना मोकळा समास उरलाय का हे आधी बघायचं. चित्रात कात्री घुसलेली असेल तर किंमत फार पडते.

स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चं, साडेतीन आण्याचं, तिरंगा आणि जय हिंद असलेलं. डिसेंबरमध्ये सिंहमुद्रा आणि विमानाची दोन आली. १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. ती नाशिकच्या सरकारी छापखान्यात नव्हे, स्वित्झर्लंडमध्ये कुर्व्हाझिएच्या छापखान्यात छापली होती. दहा रुपयांचं तिकीट बाकी तिघांपेक्षा आकाराने मोठं आहे आणि सगळ्यात जास्त नकला त्याच्याच निघतात. अस्सल चारही तिकिटांचे दात गेजवर साडेअकरा मोजतात. दोन सेंटिमीटर लांबीत जितकी छिद्रं बसतात तो हा आकडा. भिंगाखाली छपाई फोटोग्राव्ह्यूरची, छटा एकमेकींत मिसळलेल्या; मासिकातल्या फोटोसारखे रंगीत ठिपक्यांचे गुलाब दिसले तर ती ऑफसेटची नक्कल. यूव्ही टॉर्चखाली कागद निळसर-पांढरा झळाळला तरी संशय घ्या, कारण कागदात उजाळा आणणारी रसायनं पुढे सर्रास आली. या तिकिटांवर सर्व्हिस असा शिक्का छापलेली प्रत डब्यात निघालीच तर ती खोटी धरूनच पुढे चाला. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी छापलेल्या अस्सल प्रती जगातल्या महागड्या तिकिटांत मोडतात, त्यामुळे नक्कल करणाऱ्यांचा धंदा त्यांच्यावरच चालतो.

बारीक बघण्याचा सराव करायला १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेतलं एक आण्याचं बोधिसत्त्वाचं तिकीट चांगलं. पहिल्या छपाईत मूर्ती उलटी, आरशात दिसावी तशी छापली गेली होती. १९५० मध्ये ती सुलटी करून तिकीट पुन्हा काढलं. दोन्ही शेजारी ठेवली की पसरलेला हात डावा की उजवा हे चटकन कळतं. वापरलेली प्रत दोन्हींचीही महाग नाही, त्यामुळे शिकण्यासाठी निर्धास्त हाताळावीत.

पुणेकरांच्या डब्यात महर्षी कर्व्यांचं तिकीट निघतंच. १८ एप्रिल १९५८, पंधरा नये पैसे, त्यांच्या शंभराव्या वाढदिवसाचं. स्वतंत्र भारतात हयात असताना ज्यांचं तिकीट निघालं असे ते पहिले भारतीय. मान मोठा, पण तिकीट भरपूर छापलेलं, त्यामुळे सुट्या वापरलेल्या प्रतीला भाव किरकोळ. टिळकांच्या १९५६ च्या दोन आण्यांच्या तिकिटाचंही तेच. गावात माणूस केवढा मोठा यावर तिकिटाचा भाव ठरत नाही. किती छापली, किती टिकली आणि आज किती जणांना हवीत, एवढंच बाजार बघतो.

संस्थानांची तिकिटं मात्र वेगळी काढा. पुण्याच्या दक्षिणेच्या भोर संस्थानाने १८७९ मध्ये स्वतःची अर्ध्या आणि एक आण्याची तिकिटं काढली होती, आणि १९०१ मध्ये पंतसचिवांचं म्हणजे तिथल्या संस्थानिकांचं चित्र असलेलं अर्ध्या आण्याचं. दिसायला ओबडधोबड, ठशाने उमटवल्यासारखी. अशी तिकिटं, विशेषतः पत्रावर चिकटलेली, निघाली तर जाणकाराला दाखवल्याशिवाय विकू नका.

पाकिटांचा ढीग

नवशिक्याचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. तिकीट दहा रुपयांचं पण पाकीट हजाराचं, असं घडतं, कारण पाकिटावर शिक्का, तारीख, मार्ग, सेन्सॉरची चिठ्ठी, परत पाठवल्याची नोंद असं सगळं एकत्र टिकलेलं असतं. टपाल-इतिहास जमवणारे लोक त्यासाठीच पैसे मोजतात.

पुण्याच्या पाकिटांत काय बघायचं? शिक्क्यात पूना लिहिलंय की पुणे. पत्त्यात पिनकोड आहे का. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणून त्याच्या आधीच्या पाकिटावर तो छापील असणार नाही. येरवडा तुरुंगाचा किंवा युद्धकाळातल्या सेन्सॉरचा शिक्का दिसतोय का. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. त्या आठवड्यातला पुण्याचा शिक्का स्पष्ट वाचता येणारं पाकीट, भिजून डागाळलेलं असलं तरी, फेकू नका. १५ नोव्हेंबर १९७१ पासून बांगलादेशच्या निर्वासितांसाठी पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागत होतं. कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर रिफ्यूजी रिलीफ असं छापून ते चालवलं. नाशिकची छापील प्रत ढिगाने मिळते. छापील तिकिटं पोचेपर्यंत काही टपाल कार्यालयांनी रबरी शिक्क्याने काम भागवलं, ते पत्रासकट असेल तरच गंमत. सुट्या तिकिटावर असा शिक्का आज कोणीही मारू शकतो.

पाकिटातलं पत्र बाहेर काढून टाकू नका, दोन्ही एकत्र ठेवा. घरगुती मजकूर असेल तर विकण्याआधी वाचून घ्या. आजीच्या पत्रातलं भाऊबंदकीचं प्रकरण परक्याच्या अल्बममध्ये जायला नको.

छापील चित्राची, पत्ता न लिहिलेली १९७५ नंतरची फर्स्ट डे कव्हरं घरोघरी निघतात. ती सुंदर असतात आणि स्वस्त असतात. पत्ता लिहून खरोखर टपालाने गेलेलं कव्हर त्यापेक्षा कमी सापडतं.

दर्जा

एका तिकिटाला अर्धा मिनिट द्या. आधी चारही कडांचे दात मोजत फिरा: एखादा आखूड किंवा गायब आहे का. मग पालथं करून काळ्या कागदावर धरा. मागचा कागद कुठे खरवडून पातळ झालाय का? अल्बममधून ओढून काढलेल्या तिकिटाला हा पातळ डाग हमखास असतो, समोरून तो दिसत नाही. त्यानंतर डिंक. पूर्ण, सलग, न दुखावलेला डिंक असेल तर भाव चढा. कागदी बिजागरी म्हणजे हिंज लावल्याची खूण असेल तर कमी. डिंक धुतला गेला असेल तर आणखी कमी. तांबूस ठिपके म्हणजे बुरशी. ती शेजारच्या तिकिटाला लागते, म्हणून डागाळलेली लगेच वेगळी करा. शेवटी चित्र चौकटीत मध्यभागी बसलंय का ते बघा.

जलचिन्ह म्हणजे कागदाच्या अंगातली खूण बघण्याची गरज जुन्यांनाच पडते. १९२६ पासून नाशिकच्या छपाईच्या कागदात बारीक ताऱ्यांची जाळी आहे, स्वातंत्र्यानंतर तिथे अशोकस्तंभाची मुद्रा आली. काळ्या ताटलीत तिकीट पालथं ठेवून त्यावर लायटरमध्ये भरायच्या पेट्रोलचे दोन थेंब टाका, जलचिन्ह काही सेकंद गडद दिसतं आणि द्रव उडून जातो. खिडकी उघडी, गॅस बंद. फोटोग्राव्ह्यूर छपाईच्या काही शाया यात विरघळतात, त्यामुळे आधी स्वस्त तिकिटावर करून बघा.

चित्र उलटं, रंग गायब, दात नसलेली जोडी असं काही दिसलं की चूक असलेलं दुर्मीळ तिकीट सापडल्याचा आनंद होतो. उन्हात पडून पिवळा रंग उडतो आणि गायब झाल्यासारखा वाटतो. दात असलेल्या तिकिटाच्या कडा कापून बिनदाती बनवणारेही आहेत. सुटं एक बिनदाती तिकीट पुरावा नव्हे, जोडी लागते.

पत्रावर लावायची तर

आता दुसऱ्या ढिगातली, म्हणजे कोरी, साधारण १९७० नंतरची, भरपूर संख्येने असलेली तिकिटं घ्या. आणे असलेली यात नकोत. साडेतीन आणे म्हणजे बावीस पैसेसुद्धा पुरते होत नाहीत. ते तिकीट पत्रावर लावून काहीही हाती लागणार नाही. कमी किमतीची पैशांतली तिकिटंही व्यवहारात अवघड जातात, ते असं.

साध्या पत्राला पहिल्या वीस ग्रॅमला पाच रुपये लागतात. पंचवीस पैशांची स्मारक तिकिटं वापरली तर वीस लागतील. नेहमीच्या मापाचं स्मारक तिकीट ३.९ बाय २.९ सेंटिमीटर, म्हणजे वीस तिकिटांना सव्वादोनशे चौरस सेंटिमीटरहून थोडी जास्त जागा. लांबट पाकीट २२ बाय ११, एकूण २४२. पत्ता लिहायला बोटभर जागा उरते. पन्नास पैशांची दहा लावली तर निम्मं पाकीट भरतं, हे जमतं. एक रुपयाची पाच आरामात बसतात. सगळी पत्त्याच्याच बाजूला, उजव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू करून, एकमेकांवर न चढवता. एकावर एक चढवलेल्यातलं झाकलेलं तिकीट मोजलं न जाण्याची शक्यता असते.

वजन तिकिटं लावल्यावर करा. ए फोर कागद ८० जीएसएमचा असेल तर एक पान पाच ग्रॅम. तीन पानं पंधरा, पाकीट चार-पाच, म्हणजे वीसच्या काठावर आलात. त्यावर वीस तिकिटं आणि गोंद यांचे दोन-अडीच ग्रॅम चढले की पुढचा टप्पा लागू होतो. कमी तिकीट लागलं तर तुटीच्या दुप्पट रक्कम पत्र घेणाऱ्याकडून वसूल करायची पद्धत आहे. लग्नपत्रिकेवर असं झालं तर फार शोभत नाही.

जुना डिंक जिभेने ओला करू नका, स्पंजने करा. डिंक मेलेला असेल तर गम स्टिक किंवा मैद्याची पातळ खळ कडेपर्यंत लावा. फेव्हिकॉलचा थर तिकिटाच्या दातांतून वर येतो आणि शिक्क्याची शाई धरत नाही. तिकिटावरून सेलोटेप तर अजिबात नको, त्यावर शिक्का उमटत नाही म्हणून काउंटरवर नाकारलं जातं. एकमेकांना चिकटलेला कोऱ्या तिकिटांचा गठ्ठा असेल तर झाकणाच्या डब्यात तळाशी ओला स्पंज, वर जाळी, जाळीवर गठ्ठा आणि झाकण बंद, असं ठेवून दर अर्ध्या तासाने बघा. सुटायला लागली की चिमट्याने अलगद वेगळी करा. डिंक दुखावतोच, त्यामुळे ही तिकिटं विकायच्या कामाची राहत नाहीत. पत्रावर लावायला मात्र एक नंबर.

पाकीट लाल पेटीत टाकण्यापेक्षा काउंटरवर द्या. जुनी तिकिटं बघून नवा कर्मचारी गोंधळू शकतो, म्हणून पहिल्या वेळी एक नमुना दाखवून विचारा. स्पीड पोस्टला लावायची असतील तर पत्र द्यायच्या आधीच सांगा, म्हणजे तिकिटांची रक्कम वजा करून उरलेलीच रोख घेतली जाईल; बिल निघाल्यावर सांगून उपयोग नाही. दर बदलत असतात, तेही तिथेच विचारून घ्या. साधू वासवानी चौकाजवळच्या जीपीओत फिलाटेली ब्युरो म्हणजे तिकीट-संग्राहकांसाठीचा विभाग आहे, तिथल्या लोकांना अशा पाकिटांची सवय असते. शिक्का हाताने, स्वच्छ मारून मागितलात तर पत्र मिळणाऱ्या संग्राहकाला दुहेरी आनंद. परदेशी पत्रमित्रांना पोस्टकार्डं पाठवणाऱ्यांनी तर ही तिकिटं राखूनच ठेवावीत.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शिक्का हलका बसलाय म्हणून वापरलेलं तिकीट पुन्हा लावणं किंवा शिक्क्याची शाई धुऊन काढणं हा गुन्हा आहे. त्यात बचत पाच रुपयांची.

लावण्याआधी दोन अपवाद बाजूला काढा. पूर्ण शीट आणि मिनिएचर शीट म्हणजे मोजकीच तिकिटं असलेली छोटी सजवलेली शीट, आणि ज्यांची दर्शनी किंमतच मोठी आहे अशी तिकिटं. भारतात पहिली मिनिएचर शीट १९७३ ची. खादीच्या कापडावर छापलेलं गांधीजींचं २०११ चं तिकीट अडीचशे रुपयांचं आहे. अशांचा बाजारभाव बघूनच ठरवा. २००६ चं चंदनाच्या वासाचं तिकीट मात्र खूप घरांत आहे आणि वासही आता फारसा येत नाही.

विकायची तर

पोस्ट स्वतः विकलेलं तिकीट परत घेऊन पैसे देत नाही, ब्युरोही जुनी तिकिटं विकत घेत नाही. तिथे नवी मिळतात, एवढंच. घेणारे म्हणजे संग्राहक, व्यापारी आणि लिलाववाले.

भाव समजून घ्यायला स्टॅन्ली गिबन्ससारखा कॅटलॉग म्हणजे तिकिटांची किमतींसकट यादी बघा, पण त्यातला आकडा म्हणजे हातात पडणारी रक्कम नव्हे. तो निर्दोष प्रतीचा, दुकानातून विकण्याचा भाव. अगदी साध्या तिकिटालाही त्यात किमान किंमत लिहिलेली असते. ती तिकिटाची नसते, ते शोधून काढून पाकिटात घालून देण्याच्या मेहनतीची असते. व्यापाऱ्याने तुमच्या तिकिटाला स्वतःच्या विक्रीभावाच्या निम्म्याहून कमी दिलं तर लगेच लुबाडलं म्हणू नका. त्याचा माल वर्षानुवर्षं पडून राहतो. ऑनलाइन बघताना लोकांनी काय मागितलंय ते बघू नका, काय भावाला खरोखर विकलं गेलंय ते बघा. मागणारा एक कोटीही मागतो.

क्रम असा ठेवा. चांगल्या वाटणाऱ्या वीस-पंचवीस तिकिटांची यादी करा: साल, किंमत, कोरं की वापरलेलं, दोष. पुढून-मागून फोटो काढा. हे घेऊन तिकिट-नाण्यांच्या प्रदर्शनात जा. पुण्यात अशी प्रदर्शनं भरतात आणि एकाच छताखाली अनेक व्यापारी भेटतात. किमान तिघांकडून भाव घ्या. पहिल्या टेबलवर विकू नका, आणि अख्खा अल्बम कोणाच्या हातात सोडून चहाला जाऊ नका. व्यापारी पानं उलटताना कुठल्या पानावर थबकतो हे बघून घ्या, त्याच्या तोंडच्या भावापेक्षा ते जास्त सांगतं. तो म्हणेल सगळं मिळून इतके देतो. त्याआधी वेगळी काढलेली वीस-पंचवीस बाजूला ठेवून उरलेल्याचाच ठोक भाव विचारा.

मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिकिटं विकत घ्यायला आणि डोळे तयार करायला तो उत्तम. विकायला नको, तिथे किलोचा हिशेब चालतो.

खरोखर दुर्मीळ तिकिटासाठी लिलावाचा रस्ता. त्यात विक्रेत्याकडून कमिशन कापलं जातं, पैसे यायला काही महिने लागतात, आणि राखीव म्हणजे ज्याखाली विकायचं नाही अशी किंमत ठरवली नाही तर कमी बोलीलाही माल जाऊ शकतो. हे तीन मुद्दे करारात वाचूनच सही करा. महागड्या तिकिटाला तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्र मागतात. त्याची फी तिकिटाच्या किमतीच्या मानाने परवडते का हे आधी बघा. शंभर वर्षांवरचं काही परदेशी ग्राहकाला पाठवायचं असेल तर पुरावस्तू कायद्याची अडचण येते का, ते पुरातत्त्व खात्याकडे विचारून घ्या.

फोनवर स्वतःहून येणाऱ्या मोठ्या भावाला भुलू नका. तुमच्या तिकिटाला पाच लाख देतो, आधी नोंदणी फी भरा, मग जीएसटी, मग कस्टम. जुन्या नोटा-नाण्यांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून हेच चाललं होतं आणि बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध करणारं पत्रक काढलं. तिकिटांतही तीच चाल. घेणारा पैसे देतो, मागत नाही. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पैसे येत नसतात, जातात.

तिसऱ्या ढिगाचं काय

शिक्का बसलेली सुटी, साधी तिकिटं विकून फार काही येत नाही, पण मुलांना छंद लावायला ती पुरेशी. कागदावर चिकटलेली असतील तर भोवती एक सेंटिमीटर कागद ठेवून कापा आणि कोमट पाण्यात चित्र वर ठेवून तरंगवा. पंधरा-वीस मिनिटांत कागद आपोआप सुटतो, ओढायचं नाही. लाल, हिरव्या, जांभळ्या पाकिटांचे तुकडे वेगळ्या भांड्यात, नाहीतर रंग सुटून सगळी गुलाबी होतात. साध्या पाण्यातून काढून टिपकागदावर पालथी वाळवा, वर्तमानपत्रावर नको, शाई लागते. अर्धवट वाळली की टिपकागदात घालून जाड पुस्तकाखाली रात्रभर.

पावसाळ्यापर्यंत निर्णय झाला नाही तर

जून ते सप्टेंबर पुण्याची हवा डिंकाला मानवत नाही. तिकिटं स्टॉकबुकात म्हणजे तिकिटं खोचायच्या पट्ट्या असलेल्या वहीत किंवा ग्लासिनमध्ये, पुस्तक उभं, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नाही. अल्बम आडवे एकमेकांवर रचले की दाबाने डिंक पानाला धरतो. मऊ पीव्हीसीच्या चकचकीत फोल्डरमधलं रसायन कालांतराने शाईवर चढतं, ते टाळा. डब्यात सिलिका जेलची पुडी, आणि तिचा रंग बदलला की बदली किंवा तापवून पुन्हा वापर. डांबरगोळी तिकिटांना टेकू देऊ नका. पाऊस ओसरल्यावर एखाद्या कोरड्या दिवशी पानं उघडून हवा द्या, उन्हात मात्र ठेवू नका.

विक्री ठरली आणि टपालाने पाठवायची वेळ आली तर तिकीट ग्लासिनमध्ये, ग्लासिन दोन पुठ्ठ्यांमध्ये, पुठ्ठ्यांना कडेने कागदी चिकटपट्टी आणि ते सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत. पैसे खात्यात जमा झाल्यावरच स्पीड पोस्ट करा, बंद करण्यापूर्वीचा फोटो आणि पावती ठेवा. पाकिटावर किमती तिकिटं असं लिहू नका.